सुई माझी, रिमोट तुझा

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. या वयात माणसं बाकावर बसून गुडघ्यांच्या गप्पा मारतात. मी दर रविवारी सकाळी बडोद्यातल्या समामध्ये, भावाच्या सोसायटीमागच्या सिमेंटच्या मैदानावर उकिडवा बसून हातभर लांबीच्या मोटारीचं इंजिन लावत असे. ज्यांना हसायचं ते हसोत. ती बॅटरीवर चालणारी पोरांची गाडी नव्हती. तिच्यात खरं इंजिन होतं. लिंबाएवढा सिलिंडर, आत पिस्टन, कडेला कार्बोरेटर, मागे सायलेन्सर. नायट्रो म्हणून जे तेल मिळतं ते पिणार, धूर सोडणार आणि एरंडेलाचा वास कपड्यांना लावून देणार. हातात रिमोट घेऊन लांबून हाकायची. पण हाकण्याच्या आधी ती कोणालातरी लावावी लागते, आणि लावणारा मी होतो.

मोटार धाकट्या भावाची. त्याच्या सोसायटीतल्या एका गुजराती गृहस्थाने हा नाद सोडला तेव्हा भावाने ती घेतली. रिटायर होऊन घरी बसला होता, वेळ जात नव्हता. घेतली खरी, पण चालू होईना. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा दुखला तेव्हा मला फोन आला, "दादा, जरा येऊन बघ." मी वाडीतून, म्हणजे जुन्या शहरातल्या माझ्या भागातून, रिक्षा करून गेलो. इंजिन उघडलं. पिस्टन जळून सिलिंडरला चिकटलेला. मी म्हटलं, याला अग्नी दे आणि नवीन आण.

आमचं दोघांचं थोडं सांगायला हवं. वडील रेल्वेच्या नोकरीपायी बडोद्याला आले. मी चौथीतून उठलो आणि एका गॅरेजात हाताखाली लागलो. पुढे कारखान्यात गेलो, तिथे डिझेलच्या इंजिनांची चाचणी घ्यायची जागा होती, तिथेच जन्म काढला. चारी बाजूंनी इंजिनं धडधडत असायची आणि त्यातलं एक चुकतंय हे मी पाठमोरा सांगायचो. धाकटा शिकला, बी.ए. झाला, ऑफिसात गेला, वर चढला. शाळा त्याच्या वाट्याला गेली, पाना माझ्या. त्याबद्दल मी त्याला कधी बोललो नाही आणि इथेही जास्त बोलणार नाही. एवढंच की सगळ्या आयुष्यात "दादा, हे मला येत नाही, तू कर" असं तो पहिल्यांदा म्हणाला ते या मोटारीवरून.

इंजिन कुठलं घ्यायचं यावर आमचं पहिलं वाजलं. मैदानावर येणाऱ्या सगळ्यांकडे मोठी इंजिनं होती. भावालाही मोठंच हवं होतं. मोबाईलवर फोटो दाखवायचा, याचा जोर बघ, त्याचा जोर बघ. मी म्हटलं, आधी मैदान बघ. लांब सरळ रस्ता कुठे आहे इथे? वळण संपतं न संपतं तोच दुसरं वळण. वर सिमेंटवर बारीक माती. मोठ्या इंजिनाला जोर सुरुवातीलाच येतो, वळणातून निघताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी शेपूट फिरवून उलटी बघते. शिवाय ते जड, पुढचा तोल बिघडवतं, तेलही जास्त पितं. छोटं इंजिन घे. ते खाली गरीब असतं, वर बोलतं. गाडीला आधी वळू देतं, मग ओढतं. तो म्हणाला, सगळे हसतील. मी म्हटलं, हसू दे, उलटे पडतील तेव्हा आपण हसू. शेवटी छोटं इंजिन मी माझ्या पैशाने आणलं, म्हणजे बोलायला जागा राहिली नाही.

नवं इंजिन मी माझ्या हाताने रुळवलं. घरच्या गच्चीवर, गाडी विटांवर ठेवून, भरपूर तेल पाजत, हळूहळू. बायको म्हणायची सगळी वाडी एरंडेल पितेय. इंजिन पहिल्या दिवसात जो स्वभाव घेतं तो शेवटपर्यंत ठेवतं, घाई करून चालत नाही. मग गाडीची बैठक लावली. भावाचा हात मला माहीत. लहानपणी सायकलचं हँडल असंच झटका देऊन वळवायचा, रिमोटची चकतीसुद्धा तशीच फिरवतो. अशा हाताला गाडी फार चपळ दिली तर ती मागून घसरणारच. म्हणून मागच्या स्प्रिंगा मऊ घातल्या, पुढच्या कडक ठेवल्या, पुढच्या शॉकअपमध्ये तेल जाड भरलं, मागे पातळ. सिमेंटच्या सांध्यांवर पोट आपटू नये म्हणून गाडी केसभर उचलली. चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवली, म्हणजे वळणात टायर पूर्ण टेकतो. बाकीचे लोक परदेशातल्या माणसांच्या गाड्या बघून तसंच करायचे. मी भावाच्या मनगटाकडे बघून केलं. गाडी मैदानावर उतरली तेव्हा त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. ते हसू मी विसरलेलो नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

आमच्यात एक करार झाला. कार्बोरेटरला पितळेची एक सुई असते, वर स्क्रूसारखी खाच. ती आत फिरवली की तेल कमी होतं, इंजिन तापतं, आवाज धारदार होतो, गाडी पळते. बाहेर फिरवली की तेल वाढतं, धूर वाढतो, गाडी सुस्तावते. सगळी कला त्या सुईत. फार आत गेली की इंजिन कोरडं पडून पिस्टन जळतो, आधीच्या इंजिनाचं तेच झालं होतं. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुई माझी, रिमोट तुझा. मी रिमोटला हात लावणार नाही, तू सुईला लावायचा नाहीस." तो म्हणाला, कबूल.

मैदानावरच्या बऱ्याच जणांकडे तापमान बघायची बंदूक होती, इंजिनाच्या डोक्यावर धरली की आकडा दाखवणारी. मी ती गाडीजवळ येऊ दिली नाही. कानाने लावायची गोष्ट कानानेच लावायची. गाडी समोरून सपाट्याने जाऊ द्यायची, आवाज टोकाला कसा फुटतो ते ऐकायचं आणि सुई किंचित हलवायची. इतरांची इंजिनं जळायची, माझं जळलं नाही. तीन हिवाळे एक पिस्टन चालला. मैदानावरचे गुजराती मला इंजिनवाळा काका म्हणायला लागले. कोणाचं इंजिन रुसलं की ते माझ्याकडे आणायचे. गेल्या वर्षभरात आणायचे कमी झाले होते. मला वाटलं, शिकले असतील.

घरात बायकोची कटकट सुरू होती की मला कमी ऐकू येतं. मी म्हणायचो, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. कुकरची शिट्टी मला ऐकू येते, रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येतो, मग कमी कुठे येतं? तिला ताप आला तेव्हा नवा थर्मामीटर आणला होता, ताप मोजून झाला की वाजतो म्हणे. मी तिच्या काखेत धरून बसलोय, वाजतच नाही. ती म्हणाली, वाजला. मी म्हटलं, बिघडलाय, आणि कचऱ्यात टाकून दिला. तिने तो परत उचलून ठेवला हे मला नंतर कळलं. असो.

आणखी एक गोष्ट मी बघत होतो, पण तिच्याकडे बघितलं नाही असं म्हणा. मी सुई लावून नळावर हात धुवायला गेलो की भाऊ पाण्याची बाटली घेऊन गाडीजवळ वाकायचा. बोटाने इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. मला वाटायचं गार करतोय. मनात म्हणायचो, बी.ए. झाला पण धातूवर असं गार पाणी घालू नये एवढं कळत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. उत्तरायणानंतरचा, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतरचा रविवार. दरवर्षी त्या दिवशी आमच्या मैदानावर शर्यत ठेवतात, पतंगांची गडबड संपलेली असते आणि सगळे मोकळे असतात. अडचण एकच, दोरी. आख्खं गाव दोन दिवस पतंग कापत असतं, त्याचे तुकडे झाडांवरून, तारांवरून महिनाभर गळत राहतात. मैदान झाडून घेतलं तरी कुठूनतरी एखादा धागा येतो आणि चाकाच्या दांड्याला गुंडाळला जातो. काच लावलेला मांजा, चाकं फिरवणारा पट्टासुद्धा कापतो. म्हणून शर्यतीच्या सकाळी सगळेजण, ऑफिसर असो की दुकानदार, वाकून वाकून दोऱ्या वेचत फिरतात. मीही वेचल्या.

मी सुई लावली. गेल्या काही महिन्यांत मला आवाज बोथट लागत होता, टोकाला पूर्वीसारखी धार येत नव्हती. तेलात दोष असेल असं मी म्हणायचो. त्या दिवशी जराशी जास्त आत घेतली तेव्हा कुठे थोडी धार आली. खाच बरोबर पुढच्या चाकाकडे तोंड करून उभी राहिली, ते मी डोळ्यांत ठेवलं. मग हात धुवायला गेलो. पहिली शर्यत आम्ही सहज काढली. मोठ्या इंजिनवाले दोघे वळणात फिरले, मी सांगितलं होतं तसंच. शेवटच्या शर्यतीत पोचलो. पण गाडी परत आली ती मागचं चाक अडखळत. दोरीच. मी ब्लेड घेऊन बसलो, गाडी उताणी करून दांड्यावरचा धागा एकेक वेढा कापून काढला. गाडी सरळ केली आणि सुईकडे लक्ष गेलं.

खाच पुढच्या चाकाकडे नव्हती. पार गाडीच्या दाराच्या बाजूला वळली होती. बाहेरच्या दिशेने.

इंजिनाच्या थरथरीने सुई सरकते कधीकधी, पण ही सरकणार नव्हती. तिच्या गळ्यातली रबरी रिंग मीच आदल्या आठवड्यात बदलली होती, पेचकस लावला तरच फिरेल इतकी घट्ट. मी भावाला विचारलं, सुई कोणी हलवली. तो बाटलीचं झाकण लावत राहिला. शेजारी एक तरुण दुकानदार त्याची गाडी पुसत होता, मांडवीला त्याचं भांड्यांचं दुकान आहे, स्वभावाने भोळा. त्याला वाटलं मी चौकशी करतोय. तो म्हणाला, "काका, ए तो दर वखते करे छे. तमे हाथ धोवा जाओ पछी."

दर वेळी करतो. तुम्ही हात धुवायला गेलात की. हे त्याने मला असं सांगितलं जसं एखाद्याला त्याच्याच घराचा पत्ता सांगावा. आणि त्याच्या मागे बसलेले तिघेचौघे एकदम आपापल्या गाड्यांमध्ये डोकं घालून बसले. तेव्हा मला कळलं की मैदानावर एकच माणूस होता ज्याला हे माहीत नव्हतं.

ओरडलो नाही. पेचकस घेतला, सुई परत आत फिरवली, खाच पुढच्या चाकाकडे आणली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आता हिला कोणी हात लावायचा नाही." भावाने माझ्याकडे बघितलं.  मग रिमोट उचलला.

शेवटची शर्यत सुरू झाली. मला आवाज चांगला वाटत होता. खरं सांगतो, कित्येक महिन्यांत इतका चांगला वाटला नव्हता. गाडी बाणासारखी सुटली, पहिल्याच वळणाला पुढे. पण मी गाडीकडे बघत होतो आणि बाकीचे लोक माझ्याकडे. सायलेन्सरमधून धूर जवळजवळ येत नव्हता, तेवढं मला दिसलं. भांड्यांच्या दुकानवाल्याने दात दुखल्यासारखं तोंड केलं. भाऊ आता झटके देत नव्हता, फार हळुवार हाकत होता. आणि मग, पुढे असताना, मागून कोणी येत नसताना, त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"पट्टा तुटला," तो सगळ्यांना म्हणाला. "दोरीने कापला असणार."

सगळ्यांनी च्‌च्‌ केलं. कोणी म्हणालं, नसीब. कोणी म्हणालं, उत्तरायणमां तो आवुं ज थाय, असं व्हायचंच. फार चांगली माणसं सगळी. इतकी चांगली की त्यांच्यापैकी एकानेही वाकून बघितलं नाही.

मी बघितलं. पट्टा जागच्या जागी होता, नवा कोरा. भावाची बाटली बाजूला पडली होती. मी बोट बुडवलं आणि इंजिनाच्या डोक्यावर एक थेंब सोडला. इंजिन बरं असेल तर थेंब जरा नाचतो, फसफसतो, मग जातो. हा टेकलाच नाही. दिसायच्या आत गेला.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. तो मोठ्या इंजिनवाला. आम्हालाही बोलावून नाश्त्याच्या बशा दिल्या, फोटोत उभं केलं. इंजिनवाळा काकांना मधे घ्या म्हणाले. मी मधे उभा राहिलो. तो फोटो भावाच्या घरी कुठेतरी असेल. माझ्याकडे नाही.

भाऊ मला स्कूटरवर सोडायला आला. गाडी आमच्या दोघांच्या मधे, जुन्या चादरीत.  आमच्या पोळाच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी थांबलो, स्कूटर आत जात नाही. तिथे उतरल्यावर मी विचारलं, किती दिवसांपासून. तो म्हणाला, मागच्या हिवाळ्यापासून. तू सुई फार आत घ्यायला लागलास, इंजिन किंचाळायचं आणि तू म्हणायचास अजून धार नाही. एकदा पिस्टन जाताजाता वाचला. वहिनीला विचारलं तेव्हा तिने थर्मामीटरचं सांगितलं.

म्हणजे घरातही ठाऊक.

मी म्हटलं, मग तोंडावर का नाही सांगितलंस?

तो खाली बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू यायचं बंद केलं असतंस, दादा."

"मग बंद करू द्यायचं होतंस," मी म्हणालो.

मी म्हटलं, वर्षभर मी लावतोय म्हणून छाती काढून फिरलो आणि लावत तू होतास. मला अडाणी म्हणाला असतास तरी चाललं असतं, लहानपणापासून ऐकतोय. तू मला सांभाळलंस. घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात तुटलेला रेडिओ देतात आणि आतल्या खोलीत दुसरा लावतात, तसं. आणि आज सगळ्यांसमोर पट्टा तुटला म्हणालास. इंजिन जळू दिलं असतंस तर मला समजलं असतं की मी चुकलो, गोष्ट संपली असती. तू तेही माझ्या हाती लागू दिलं नाहीस.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्याला शिकवलं ते बोलायला, आणि जिथे बोलायचं तिथे तो मुका राहिला. म्हणाला, कान तपासून घेऊ, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे वासणा भागात, आता बारीक मशीन येतात, दिसतसुद्धा नाहीत. मी म्हटलं, गाडी आज माझ्याकडे ठेव, साफ करायची आहे. त्याने चादरीसकट गाडी दिली. त्याला वाटलं, राग उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी गच्चीवर बसलो. टाकी रिकामी केली. प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडले, इंजिन हाताने फिरवलं, पिस्टन शाबूत होता. दांड्यांवरची उरलेली दोरी चिमट्याने काढली. मागच्या स्प्रिंगा पुसल्या, शॉकअपमधलं तेल बदललं, पुढे जाड, मागे पातळ, त्याच्या मनगटाला चालेल तसं. चाकांचा झुकाव परत बघितला. एक स्क्रू सैल ठेवला नाही. मग पेचकस घेतला आणि सुई बाहेरच्या बाजूला फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, ती पूर्ण बाहेर येऊन तळहातावर पडेपर्यंत. तिच्या भोकात माती जाऊ नये म्हणून कापसाचा बोळा लावला.

बायकोने विचारलं, एवढ्या सकाळी कुठे. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. आता तेवढी सोय झालीच होती.

रिक्षा करून समाला गेलो. भाऊ अंघोळीला गेला होता. भावजयीने दार उघडलं, चहा ठेवते म्हणाली, बसा ना भाऊजी. मी उभ्यानेच गाडी तिच्या हातात दिली. म्हटलं, त्याला सांग गाडी त्याची आहे, इंजिनही ठेव म्हणावं, रिमोट तर त्याचाच. ती म्हणाली, थांबा ना, ते येतीलच आता. आतून पाण्याचा आवाज येत होता, तो मला ऐकू आला.

मी जिना उतरलो आणि खाली उभ्या असलेल्या त्याच रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला म्हटलं, वाडी. सुई सदऱ्याच्या वरच्या खिशात होती. वाडी येईपर्यंत मी खिशावर हात धरून बसलो.